नऊशे साठ रविवार

बाळाराम, तुझा हत्ती बरोबर होता.

एवढंच सांगायला मला फक्त दोन जिने उतरायचे होते. तू तळमजल्यावर, मी दुसऱ्या मजल्यावर. पाच आठवडे मी त्यासाठी ते जिने उतरलो नाही, आणि आता तुझा तेरावा होऊन गेल्यावर कागद घेऊन बसलोय. तू असतास तर म्हणाला असतास, मास्तर, निबंध नको, चाल करा. करतो. पण बत्तीस वर्षं फळ्यावर गणितं सोडवण्यात गेली माझी, पायरी गाळून उत्तर सांगता येत नाही. तेव्हा जरा ऐकून घे. तसाही तू माझं ऐकूनच घ्यायचास.

रोडपालीच्या या इमारतीत आम्ही राहायला आलो तेव्हा मी नुकताच निवृत्त झालो होतो आणि घरात सगळ्यांच्या पायात येत होतो. आमच्या हिने वैतागून मला पेपर आणि बुद्धिबळाचा पट देऊन खाली बाकावर पाठवलं. पेपरातलं कोडं मांडून बसलो होतो, तर मागून आवाज आला, घोडा पुढं घ्या. वळून बघतो तर बनियन घातलेला, खांद्यावर टॉवेल टाकलेला तू. मी म्हटलं, तुम्हाला येतं का? तू म्हणालास, थोडं थोडं. बंदरात क्रेनवर होतो, चहाच्या सुट्टीत शिकलो. तूही त्याच वर्षी क्रेनवरून उतरला होतास. घोडा पुढे घेतला आणि कोडं सुटलं. मला ते आवडलं नाही, हे तुला तेव्हाच कळलं असणार.

मग रविवार सुरू झाले. सकाळी दहाला तुझ्या ओटीवर पट, आत नर्मदावहिनींच्या भाकऱ्या थापल्याचा आवाज. तीन वर्षं मी तुला हरवत होतो. कसा हरवत होतो तेही आता कबूल करतो. माझ्याकडे एक जुनं पुस्तक आहे, त्यातल्या सुरुवातीच्या खेळ्या मला कॉलेजपासून तोंडपाठ. दहाबारा खेळ्या मी नुसत्या आठवून खेळायचो आणि तोवर तुझा राजा अडचणीत आलेला असायचा. तू दर खेळीला पंधरा मिनिटं विचार करायचास, मी टाळ्या वाजवून म्हणायचो, अरे खेळ की, भाकऱ्या झाल्या. एकदा तू मान वर न करता म्हणालास, "मास्तर, तुमी आठवताय. खेळत नाय." मी हसण्यावारी नेलं. पण ते लागलं होतं मला, खोटं कशाला बोलू?

गेल्या वर्षी तुझी लेक रेश्मा खारघरहून आली आणि तिने लॅपटॉपवर तो नवा प्रकार दाखवला. प्यादी आपल्या जागी, पण मागची रांग पिसलेली. राजा, वजीर, हत्ती, उंट, घोडे, कोण कुठे उभा राहील ते नशिबावर, समोरच्याचीही रांग तशीच. अट दोनच. दोन उंट वेगवेगळ्या रंगांच्या घरांत हवेत, आणि राजा दोन हत्तींच्या मधे कुठेतरी हवा. रेश्मा म्हणाली, मोठमोठे खेळाडू आता हे खेळतात, कारण साध्या खेळाच्या सुरुवाती कॉम्प्युटरने पार चघळून टाकल्यात. मी म्हटलं, हे बुद्धिबळ नाही, हा पत्त्यांचा डाव आहे. शतकानुशतकं माणसांनी एक मांडणी घोटून घोटून सुंदर केली आणि तुम्ही ती पिशवीत घालून हलवता? मी चांगलंच व्याख्यान दिलं. तू लॅपटॉपकडे असा बघत होतास जसं कुणी तुला तुझ्याच गावचा रस्ता दाखवावा.

मला आठवतं तू काय म्हणालास ते. म्हणालास, बंदरात रोज जहाज वेगळं लावलेलं यायचं. काल खाली होता तो कंटेनर आज वर. कालचं डोकं आज चालायचं नाय, पहिल्या कंटेनरपासून बघून बघून उचलायला लागायचं. मग हात ओटीबाहेर दाखवून म्हणालास, "इथं आमचं आगर व्हतं, मास्तर. मीठ काढायचो आमी. मी वीस वर्षांचा असताना नव्या शहरासाठी जमीन गेली, सगळी मांडणीच बदलली. मंग काय, खेळायचं सोडलं?" मी यावर काहीतरी शहाणपणाचं बोललो. काय ते आठवत नाही, म्हणजे बहुतेक फालतू असणार.

पुढच्या रविवारी ती पिशवी आली. तांदळाच्या पिठाची कापडी पिशवी, झटकून घेतलेली. त्यात पांढऱ्या मागच्या रांगेचे आठ मोहरे, आणि वहिनींनी न बघता एकेक काढून द्यायचा, तू डावीकडून मांडत जायचंस. अट मोडली की सगळे परत पिशवीत. वहिनींचे हात पिठाचे, त्यामुळे आपल्या मोहऱ्यांना कायम पीठ लागलेलं. कधी कधी सहासात वेळा काढूनही राजा हत्तींच्या मधे येत नसे, तेव्हा त्या म्हणायच्या, तुमचा राजा हाय का कोण हाय, एका जागेवर बसंना. आणि आपण दोघं म्हातारे शाळेतल्या पोरांसारखे हसायचो.

त्याच दिवशी मी पेपरच्या कडेला तुला हिशोब करून दाखवला होता. उंटांच्या जागा सोळा प्रकारच्या. उरलेल्या सहा घरांत वजीर, सहा प्रकार. मग पाच घरांत दोन घोडे, दहा प्रकार. उरली तीन घरं, तिथे मधे राजा आणि दोन्हीकडे हत्ती, निवडायला काही नाही. सोळा गुणिले सहा गुणिले दहा, नऊशे साठ. मला वाटलं तू म्हणशील, वा मास्तर. तू म्हणालास, मग आपण नऊशे साठही खेळायच्या. दर रविवारी एक. आलेली परत आली तर वहिनींनी पुन्हा काढायचं. मी भागाकार केला, साडेअठरा वर्षं लागतील म्हटलं. तू बोटं मोजलीस, आपल्या वयात अठरा मिळवलीस आणि म्हणालास, चालंल की, तवर कोण मरत नाय.

तू एक वही आणलीस, लांबट, निळ्या पुठ्ठ्याची. तिच्यात दर रविवारी आकडा, मांडणी आणि निकाल. तुझं अक्षर इतकं सुबक असेल असं मला वाटलं नव्हतं, आणि तसं वाटलं नव्हतं याचीही आज लाज वाटते.

आणि मी हरायला लागलो. पाठांतर गेलं, पुस्तक गेलं, पहिल्याच खेळीला समोर अनोळखी रांग. तू नेहमीसारखा पंधरा मिनिटं बघत बसायचास आणि एक साधी खेळी करायचास. मी घाईघाईने काहीतरी करायचो आणि पडायचो. पहिल्या वीस डावांत मी दोनदा जिंकलो असेन. पण बाळाराम, एक गोष्ट मी तुला कधी बोललो नाही. हळूहळू मीही थांबायला शिकलो. पट बघायला शिकलो. बत्तीस वर्षं पोरांना सांगत आलो की पाठ करू नका, समजून घ्या, आणि स्वतः समजून घ्यायला लागलो ते साठी उलटल्यावर, तुझ्या ओटीवर. बायको म्हणायची, रविवारी तुम्ही वेगळेच असता. त्याबद्दल तुझे आभार मानायला हवे होते. मी काय केलं, तर दर डावानंतर म्हणालो, हे बुद्धिबळ नव्हे.

कर्नाळ्याला गेलो होतो तेही तुला आठवत असेल. तुला डोंगर चढायचा नव्हता, मला एकट्याला चढायचा नव्हता, म्हणून खालीच झाडाखाली पट मांडला. माकड आलं आणि काळा वजीर घेऊन झाडावर गेलं. मी दगड शोधत होतो, तू माकडाला हात जोडून म्हणालास, मास्तरांचा हाय, परत दे. दिला नाही. तेव्हापासून खोबरेल तेलाच्या बाटलीचं निळं झाकण हा माझा वजीर. नवा संच आण म्हटलं तर तू म्हणायचास, झाकण चांगलं चालतंय, उगाच बदलू नका.

आता त्या रविवारकडे येतो. टाळत होतो.

पहिलं सव्वा वर्ष आपण किल्लेकोट वगळून खेळलो. पिसलेल्या रांगेत ती भानगड नको, असं मीच ठरवलं होतं. साध्या खेळात राजा दोन घरं सरकतो आणि कोपऱ्यातला हत्ती त्याच्या पलीकडे येऊन बसतो, राजाला आडोसा मिळतो. पण राजाच भलतीकडे असेल तर सरकायचं किती आणि कुठे? मग रेश्माने तुला नियम वाचून दाखवला, सुरुवात कशीही असो, किल्लेकोट झाल्यावर राजा आणि हत्ती साध्या खेळात जिथे येतात तिथेच येऊन बसायचे. तू मला सांगितलंस, मी हो म्हटलं, ऐकलं अर्धवट. दोनतीन रविवार किल्लेकोटाची वेळच आली नाही.

एकाहत्तरावा डाव. तू पांढरा. तुझा राजा उजव्या कडेपासून दुसऱ्या घरात, त्याच्या बाहेर कोपऱ्यात हत्ती. राजाच्या डावीकडचा घोडा तू आधीच पुढे काढलेला. माझा उंट आणि झाकण, म्हणजे वजीर, तुझ्या राजावर रोखलेले. मी चांगला खेळत होतो त्या दिवशी. दोन खेळ्यांत संपवणार होतो. आणि तू पंधरा मिनिटं बघून कोपऱ्यातला हत्ती उचललास, राजाच्या डोक्यावरून नेलास आणि पलीकडच्या मोकळ्या घरात ठेवलास. राजा जागचा हलला नाही. माझा हल्ला तिथेच बसला, आणि वर तुझा हत्ती सरळ माझ्या अंगावर.

मी म्हटलं, हे काय? तू म्हणालास, किल्लेकोट. मी म्हटलं, राजा न हलता किल्लेकोट? हत्ती कधीपासून उड्या मारायला लागला? तू समजावून सांगितलंस, राजा मुळातच त्याच्या जागी आहे, म्हणून नुसता हत्ती येतो. शांतपणे सांगितलंस. तू शांत होतास याचाच मला राग आला. हरत होतो ना मी. पुस्तक नव्हतं, पाठांतर नव्हतं, आणि आता नियमही तुझ्याकडे. माझ्या तोंडून निघालं, "क्रेन चालवणाऱ्याने मला बुद्धिबळाचे नियम शिकवू नयेत."

आतला भाकऱ्यांचा आवाज थांबला. तू माझ्याकडे बघितलंस. चिडला असतास, चार शिव्या दिल्या असत्यास तर बरं झालं असतं, मीही दिल्या असत्या आणि दुपारपर्यंत मिटलं असतं. तू म्हणालास, बसा मास्तर, चहा टाकलाय. मी चप्पल घातली आणि वर आलो.

आणि खरं काय ते सांगायचं राहिलंय. त्याच संध्याकाळी मी लॅपटॉप उघडला. मुलाने दिलाय, त्यावर मी गुपचूप आपले डाव घालून बघायचो, तू कुठे चुकलास ते शोधायला. तो प्रकार तिथेही खेळता येतो. मी तीच मांडणी लावली, एकेक खेळी भरली, आणि तुझ्या त्या खेळीपाशी थांबून कॉम्प्युटरला म्हटलं, आता तू खेळ. म्हटलं, बघू तरी कोण बरोबर आहे. त्याने विचारही केला नाही. हत्ती उचलला, राजावरून नेला, पलीकडे ठेवला. राजा जागेवर. तू पंधरा मिनिटं बसून जे शोधलंस तेच त्याने पापणी लवायच्या आत खेळून दाखवलं.

म्हणजे मी पाच आठवडे गैरसमजात नव्हतो, बाळाराम. मला पहिल्याच संध्याकाळपासून ठाऊक होतं. लॅपटॉप बंद केला आणि बायकोला म्हटलं, जेवायला वाढ.

नंतरचं तुला माहीतच आहे. तू जिन्यात भेटलास की काय मास्तर म्हणायचास, मी मान हलवून मोबाइलमध्ये बघायचो. खालून जाताना ओटीचं दार उघडं दिसलं तर पाय उचलून चालायचो. पाचव्या आठवड्यात वहिनींनी भाकऱ्या आणि सुकट पाठवली. आमच्या हिने ताट रिकामं करून माझ्यासमोर ठेवलं आणि म्हणाली, हे परत द्यायला तुम्ही जा. मी म्हटलं, रविवारी जातो. तो रविवार गेला. मग म्हटलं, येत्या रविवारी. जाणार होतो का खरंच? मला आवडेल म्हणायला की हो. नाही सांगता येत. इतके दिवस झाले की नुसतं उशीर झाला याचीच लाज वाटायला लागते, आणि मूळची लाज खाली दबून जाते.

शुक्रवारी सकाळी तू बाजारातून मासळी घेऊन आलास, पिशवी वहिनींच्या हातात दिलीस आणि पायरीवर बसलास. वहिनींची हाक मी वर ऐकली. तुझ्या दारापर्यंत पाच आठवडे न उतरलेले दोन जिने मी चपला न घालता उतरलो. तुझं डोकं माझ्या मांडीवर होतं तेव्हा मी तुझ्या कानाशी म्हणत होतो, बाळाराम, हत्ती बरोबर होता रे, हत्ती बरोबर होता. आजूबाजूच्यांना वाटलं मला भ्रम झालाय. तू ऐकलंस का? डॉक्टर म्हणाले, आधीच संपलं होतं. डॉक्टरांना काय कळतंय, असं मी स्वतःला रोज सांगतो.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी मी ते ताट घेऊन खाली गेलो. वहिनी ओटीवर एकट्याच होत्या. मी बसलो आणि सगळं सांगितलं. तो हत्ती, लॅपटॉप, मला माहीत होतं ते. ते वाक्य मी मुद्दाम पुन्हा उच्चारलं, क्रेनवालं, म्हटलं त्याबद्दल मला कधी माफ करू नका. त्या उठल्या. मग आत जाऊन निळी वही आणली आणि माझ्या हातात दिली.

एकाहत्तर. मांडणी, तुझ्या सुबक अक्षरात. पुढे निकाल: मास्तर जिंकले.

मी दोनदा वाचलं. वहिनी म्हणाल्या, तुम्ही वर गेलात तसं त्यांनी लगेच लिहिलं. मी म्हटलं, पण वहिनी, तो बरोबर होता. त्या म्हणाल्या, "त्यांना म्हाईत व्हतं, मास्तर. रेश्माला परत फोन करून विचारलं व्हतं. मी म्हटलं, मग खोटं कशाला लिवता? तर म्हणाले, डाव परत येतील, मास्तर नाय यायचे."

मी पान उलटलं. बहात्तर, मांडणी, निकाल कोरा. त्र्याहत्तर, मांडणी, निकाल कोरा. पाच रविवार, पाच मांडण्या. दर रविवारी दहाला तू वहिनींना पिशवीत हात घालायला लावलास, पट लावून ठेवलास आणि दार उघडं ठेवून बसलास. ज्या दारासमोरून मी पाय उचलून जात होतो त्याच्या आत माझं झाकण माझ्या बाजूला मांडलेलं होतं. वहिनी म्हणायच्या, येत नाय कोण, उचला. तू म्हणायचास, राहू दे दुपारपर्यंत.

मी रडलो तुझ्या ओटीवर, वहिनींसमोर. त्रेसष्ट वर्षांचा माणूस. त्यांनी पाणी आणून दिलं आणि त्याही रडल्या, पण माझ्यासारखा आवाज करून नाही.

मग मी खिशातलं पेन काढलं. एकाहत्तरावा निकाल खोडून तुझं नाव लिहायला. निदान तेवढं तरी नीट करावं म्हणून. वहिनींनी वही माझ्या हातातून अलगद काढून घेतली.

"खोडू नका," त्या म्हणाल्या. "त्यांचं अक्षर हाय."

वही त्यांच्याकडेच आहे. तिच्यात तुझ्या हाताने मी जिंकलोय आणि ते आता कोणी बदलणार नाही. शेवटच्या रविवारपासून कोपऱ्यात तसाच मांडून राहिलेला पट आवरायला मी मदत केली. तुझा हत्ती पिशवीत टाकताना त्याच्या डोक्यावरच्या खाचेत वाळलेलं पीठ दिसलं, ते तसंच राहू दिलं.

वहीत लिहिता येत नाही म्हणून इथे लिहितो. माझं अक्षर आहे, माझी सही आहे, चार लोक वाचतील. एकाहत्तरावा डाव. पांढरा बाळाराम, काळा मी. किल्लेकोट कायदेशीर.

तू जिंकलास.